सायकलची मान

खंडेनवमीच्या दिवशीं महाराष्ट्रांतील कितीतरी घरांच्या अंगणांत, वाड्यांच्या चौकांत आणि चाळींच्या जिन्यांखालीं एक ठराविक सोहळा होत असतो. घरांतील सायकल बाहेर काढली जाते. तिच्यावर बादलीभर पाणी ओतलें जातें. जुन्या कापडाच्या चिंधीनें तिचीं चाकें पुसलीं जातात. हळदकुंकू वाहिलें जातें आणि शेवटीं झेंडूचा एक हार हँडलवर घातला जातो. वर्षभर जिनें निमूटपणें ओझें वाहिलें तिचा हा एक दिवसाचा सन्मान योग्यच आहे. परंतु हार ज्या ठिकाणीं लोंबतो त्याच्या अगदीं मागें, सायकलच्या मानेंत, पोलादाच्या बारीक छऱ्यांचीं दोन कडीं बसविलेलीं असतात. त्यांची आठवण त्या दिवशीं बहुधा कोणालाच होत नाहीं. उलट, बादलीच्या पाण्याचा फटकारा नेमका त्यांच्यावर बसतो. पूजा होते ती सायकलची, आणि हानि होते ती तिच्या मानेची.

इतर अवयवांचे रोग बोलके असतात. ट्यूबमधील हवा गेली कीं तें तत्काळ कळतें. साखळी सैल झाली कीं ती खडखडते. ब्रेक धरीनासा झाला कीं पहिल्याच उतारावर त्याची प्रचीति येते. मानेचा रोग मुका आहे. तो महिन्यामहिन्यानें वाढत जातो, आणि स्वार नकळत त्याच्याशीं जुळवून घेत जातो. हँडल किंचित् जड झालें तर हात किंचित् अधिक जोर लावूं लागतात. तें किंचित् खिळखिळें झालें तर खड्डा आला कीं मुठी आपोआप आवळल्या जातात. महाविद्यालयांत जाणारा मुलगा ‘हल्लीं सायकल सरळ जात नाहीं’ अशी तक्रार करतो, आणि घरांतील वडील मंडळी तो दोष त्याच्या चालविण्यावर ठेवितात. दोष पुष्कळदां त्याचा नसतो. सायकलची मान आंखडलेली असते.

हें आंखडणें केवळ गैरसोयीचें नव्हे. सायकल उभी कशी राहते, या प्रश्नाशींच त्याचा संबंध आहे. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम शहरीं कार्ल ड्राइस यानें आपलें दुचाकी धांवयंत्र रस्त्यावर आणिलें, तेव्हां त्यास ना पॅडल होतें, ना साखळी. स्वार जमिनीला पाय रेटीत पुढें जाई. परंतु एक गोष्ट त्या यंत्रांत पहिल्यापासून होती : पुढचें चाक डावीउजवीकडे वळवितां येत असे. त्या वळण्यामुळेंच दोन चाकांवर तोल संभाळणें शक्य झालें. सायकल डावीकडे कलूं लागली कीं चाक डावीकडे वळतें आणि पडूं पाहणाऱ्या भाराच्या खालीं येऊन उभें राहतें. सरळ रस्त्यावरून सरळ जाणारा स्वारही वस्तुतः अगदीं सरळ जात नसतो. हँडलास बारीक बारीक हेलकावे देत तो क्षणोक्षणीं पडणें टाळीत असतो.

फिरत्या चाकाच्या अंगीं भोंवऱ्यासारखा जो गुण येतो त्यामुळेंच सायकल उभी राहते, अशी पुष्कळांची समजूत असे. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत या समजुतीची परीक्षा घेतली. पुढच्या चाकाशेजारीं उलट दिशेनें फिरणारें दुसरें चाक बसवून त्यांनीं तो गुण नाहींसा केला, तरीही ती सायकल चालवितां आली. पुढें २०११ सालीं हॉलंड व अमेरिका येथील संशोधकांनीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत याहून नवलाची दुचाकी वर्णिली. तिच्यांत भोंवऱ्याचा गुण ठेविला नव्हता, तरी धक्का दिला असतां ती आपली आपण सावरत असे. कारणांविषयींची चर्चा पुष्कळ झाली. पण एक गोष्ट कायम राहिली. जी दुचाकी सावरते ती ज्या बाजूस कलते त्या बाजूस आपलें चाक वळविते. हें वळणें ज्या सांध्यांतून होतें तो सांधा म्हणजे सायकलची मान. तो सांधा आंखडला तर सायकल स्वतः सावरत नाहीं, आणि स्वारालाही सावरूं देत नाहीं. प्रत्येक दुरुस्ती उशिरा होते व गरजेहून मोठी होते. म्हणून गाडी नागमोडी चालूं लागते.

सैल मानेचें दुखणें याच्या उलट. तींत चाक हलकेपणानें वळतें खरें, परंतु तें आपल्या जागीं स्थिर नसतें. पुढचा ब्रेक दाबला कीं चिमटा मागें ढकलला जातो, सोडला कीं पुढें येतो, आणि प्रत्येक वेळीं आंतील छर्रे आपल्या पन्हळीवर आदळतात. रस्त्याचा प्रत्येक खड्डा त्यांच्यावर हातोडीचा एक घाव घालून जातो. म्हणून मान न घट्ट असावी न सैल, हें एकच सूत्र या विषयाचें सार आहे. तें सांगण्यास सोपें आहे. पण तें साधावयाचें तर आंतील रचना डोळ्यांपुढें असावयास हवी.

सायकलच्या सांगाड्याच्या पुढच्या टोकास जी आंखूड उभी नळी असते तिला मानेची नळी म्हणतां येईल. पुढच्या चाकास दोहों बाजूंनीं धरणारा जो चिमटा, त्याचीच एक नळी या मानेच्या नळींतून खालून वर जाते. दोन नळ्या एकमेकींस घांसूं नयेत म्हणून वर व खालीं असे दोन सांधे केलेले असतात. प्रत्येक सांध्यांत एक वाटीसारखा कप, एक उतरत्या कडेचा कोन, आणि त्या दोहोंमध्यें छऱ्यांचें एक कडें, अशी मांडणी असते. खालच्या सांध्याचा कप मानेच्या नळींत ठोकून बसविलेला असतो व कोन चिमट्याच्या खांद्यावर. वरच्या सांध्याचा एक भाग मानेच्या नळींत ठोकलेला असतो. दुसरा मात्र चिमट्याच्या नळीवरील आट्यांवर स्क्रूप्रमाणें फिरतो. यास येथें फिरता कप म्हणूं. त्याच्यावर एक वॉशर असतें. त्याची लहानशी जीभ नळीवरील खांचेंत बसते, म्हणून तें फिरत नाहीं. सर्वांत वर चेकनट असतो व तो फिरत्या कपास आपल्या जागीं जखडून ठेवतो. हँडलचा दांडा चिमट्याच्या नळींत वरून उतरतो आणि आंतल्या लांब बोल्टानें व पाचरीनें घट्ट बसतो. मान घट्ट किंवा सैल करणें म्हणजे हा एक फिरता कप थोडासा खालीं किंवा वर घेणें. त्यापलीकडे त्यांत गूढ असें कांहीं नाहीं.

छर्रे ही वस्तु आज किरकोळ वाटते. परंतु सायकलच्या इतिहासांत तिचें स्थान मोठें आहे. १८६९ सालीं पॅरिस येथील झ्यूल सुरिरे या कारागिरानें छऱ्यांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर यानें तशा बेअरिंगच्या सायकलवर जिंकली. तथापि सगळे छर्रे तंतोतंत एका आकाराचे करणें त्या काळीं अवघड होतें. १८८३ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें फ्रीडरिख फिशर यानें ते सारखे घांसून काढण्याचें यंत्र बनविलें, तेव्हां ही अडचण दूर झाली. आकाराच्या या सारखेपणाचें महत्त्व घरीं मान उघडणाऱ्यानेंही विसरूं नये, हें पुढें दिसून येईल.

चाकाचें बेअरिंग आणि मानेचें बेअरिंग यांत एक मोठा भेद आहे. चाकांतील छर्रे अखंड फिरत असतात. त्यामुळें झीज सगळीकडे सारखी पसरते व ग्रीसही सर्वत्र पोंचतें. मानेंतील छर्रे फिरतात ते अगदीं थोडे. सरळ जातांना हँडल जितकें हलतें तितकेंच ते जागच्या जागीं डुलतात. छर्रा व पन्हळ यांच्यामधील ग्रीस हळू हळू बाजूस सारलें जातें आणि परत येत नाहीं. मग कोरडें पोलाद कोरड्या पोलादावर घांसूं लागतें. ज्या जागीं छर्रा उभा असतो त्याच जागीं लहानसा खळगा पडतो, आणि त्याभोंवतीं गंजासारखी तांबूस पूड सांचते.

हे खळगे रस्त्याच्या हादऱ्यांनीं ठोकून पडतात, असें फार दिवस मानलें जाई. स्वीडनमधील योहान ब्रिनेल यानें १९०० सालीं कठीण गोळी दाबून धातूचा कठीणपणा मोजण्याची रीत जगापुढें मांडली होती. म्हणून दाबानें पडणाऱ्या अशा खळग्यांस त्याचें नांव चिकटलें. पुढें अमेरिकन अभियंते जे. ओ. आल्मेन यांनीं १९३७ सालीं या खळग्यांविषयीं लिहिलें. नव्या मोटारी रेल्वेच्या वाघिणींतून दूरच्या गांवीं पाठविल्या जात. वाटेंत त्यांचीं चाकें एकदांही फिरत नसत. तरी पोंचल्यावर पाहावें तों चाकांच्या बेअरिंगांत खळगे पडलेले. कारण, उभ्या चाकांतील छर्रे प्रवासाच्या थरथरीनें एकाच जागीं घांसत राहिले होते. अशा झिजेस ‘खोटें ब्रिनेलिंग’ म्हणतात. सायकलच्या मानेची व्यथा पुष्कळशी याच जातीची आहे. त्यावरून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो : हँडल मध्यभागीं अडखळूं लागलें तर तें आवळणें हा उपाय नव्हे. आवळल्यानें छर्रे खळग्यांत अधिकच रुततात. उपाय आहे तो ताज्या ग्रीसचा, आणि तोही खळगे पडण्यापूर्वीं.

म्हणून प्रथम परीक्षा करावी, मग पाना हातांत घ्यावा. पहिली परीक्षा सैलपणाची. सायकल जमिनीवर उभी करून पुढचें चाक पूर्ण आडवें, काटकोनांत वळवावें. चाक आडवें असलें म्हणजे गाडी पुढेंमागें गडगडत नाहीं. डाव्या हाताचें बोट मानेच्या खालच्या सांध्यावर असें ठेवावें कीं अर्धें बोट कपावर व अर्धें चिमट्याच्या खांद्यावर येईल. मग उजव्या हातानें सीट धरून गाडी हलकेच पुढेंमागें रेटावी. सांधा सैल असेल तर बोटाखालीं बारीकसा धक्का लागतो. हीच परीक्षा वरच्या सांध्यावरही करावी. बोटाखालीं कांहीं न लागतां नुसता आवाज येत असेल, तर पुढच्या चाकाचा आंस सैल आहे काय, हें चाकाची कड धरून व डावीउजवीकडे हलवून पाहावें. पुढचा ब्रेक दाबून गाडी रेटण्याचीही एक रीत आहे. परंतु दांड्यांच्या ब्रेकच्या सायकलींत ब्रेकच्या जोडांतच थोडी ढिलाई असते, आणि ती मानेची ढिलाई म्हणून फसविते.

दुसरी परीक्षा घट्टपणाची. सायकलची आडवी दांडी धरून पुढचें चाक वीतभर उचलावें आणि गाडी एका बाजूस किंचित् कलती करावी. मान निरोगी असेल तर चाक आपल्याच भारानें त्या बाजूस वळतें. दुसरीकडे कलती केली तर तिकडे वळतें. मध्येंच थबकलें तर मान घट्ट आहे. यानंतर हँडल दोन बोटांनीं अगदीं सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावें. सरळ स्थितींत आल्यावर तें जणूं आपल्या घरांत जाऊन बसत असेल व तेथून निघण्यास कांकूं करीत असेल, तर पन्हळींत खळगे पडले आहेत असें समजावें. फिरवितांना वाळू चावल्यासारखें लागत असेल तर आंत धूळ किंवा गंज शिरला आहे.

केवळ सैलपणा असेल आणि फिरणें गुळगुळीत असेल, तर मान उघडण्याचें कारण नाहीं, जुळवणी पुरे. त्यासाठीं मोठ्या तोंडाचा सपाट पाना लागतो. दोन असल्यास उत्तम. पाइप आवळण्याचा दातांचा पाना वापरूं नये. तो नटाच्या कडा खाऊन टाकतो. चेकनट वरून पाहतां घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरवून एखादा फेरा सैल करावा. मग फिरता कप हातानेंच, पान्यानें नव्हे, खालीं फिरवीत न्यावा. छऱ्यांवर टेकला कीं हातास कळतें. तेथून तो फेऱ्याच्या आठव्या हिश्शाइतका परत सोडावा, आणि तो न फिरेल अशा बेतानें धरून चेकनट घट्ट करावा.

येथें नवशिक्याची हमखास फसगत होते. जुळवणी अचूक केलेली असते आणि चेकनट आवळतांच मान घट्ट होऊन बसते. याचें कारण आट्यांत आहे. आट्यांमध्यें नेहमीं केसभर मोकळी जागा असते. चेकनट वरून दाबूं लागला कीं ती भरून निघते व फिरता कप तेवढा खालीं सरकतो. म्हणून चेकनट आवळण्यापूर्वीं मान किंचित् सैल ठेवावी. आवळल्यानंतर ती बरोबर होते. पहिल्या खेपेस जमलें नाहीं तर त्यांत कमीपणा नाहीं; कसलेला कारागीरही दोन-तीन वेळां पुढेंमागें करूनच ही जागा गांठतो. प्रत्येक वेळीं चेकनट घट्ट करूनच परीक्षा घ्यावी. सैल चेकनटावर घेतलेली परीक्षा व्यर्थ आहे.

फिरणें खरखरीत असेल, किंवा दोन पावसाळे मान उघडलेली नसेल, तर तिची साफसफाई करावी. रविवारची सकाळ त्यास पुरते. जमिनीवर जुनी चादर पसरावी. खालीं पडलेला छर्रा चादरीवर थांबतो, फरशीवर मात्र तो कपाटाखालीं जातो. पुढचें चाक, आणि मध्यें येत असेल तर पुढच्या ब्रेकचा जोड, सोडवून ठेवावा. हँडलच्या दांड्यांतील लांब बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून वरून ठोकावें. आंतली पाचर सुटते आणि हँडल वर निघतें. मग चिमट्याखालीं एखादा पाट किंवा ठोकळा देऊन, तो खालीं निसटणार नाहीं असें करून, चेकनट, वॉशर व फिरता कप हे त्याच क्रमानें काढावे आणि काढले त्या क्रमानेंच एका ओळींत मांडावे. कांहीं सायकलींत दिवा अडकविण्याची पट्टीही याच मांडणींत असते. तिची जागा ध्यानांत ठेवावी. वरचे छर्रे एका वाटींत गोळा करावे. नंतर चिमटा हातानें दाबून धरून सायकल उलटी करावी, चिमटा वर उचलून घ्यावा, आणि खालचे छर्रे दुसऱ्या वाटींत ठेवावे. दोन्ही वाट्यांतील छर्रे मोजून आंकडा कागदावर लिहावा. हें मोजणें कंटाळवाणें वाटतें. परंतु बसवितांना एक छर्रा कमी आहे कीं काय, या शंकेपेक्षां तें पुष्कळ सुखाचें आहे.

सगळे भाग रॉकेलमध्यें किंवा डिझेलमध्यें धुवावे. हें काम मोकळ्या हवेंत, शेगडीपासून व देवघरांतील दिव्यापासून दूर करावें. कोरड्या फडक्यानें पुसून प्रत्येक पन्हळ उजेडांत धरावी. निरोगी पन्हळीवर एक अखंड, चकचकीत रेघ दिसते. रेघेऐवजीं ठिपक्यांची माळ दिसली, किंवा नखाचें टोक फिरवितांना तें ठरावीक अंतरावर अडलें, तर ते खळगे होत. खालचा सांधा आधीं पाहावा. स्वाराच्या भाराचा व रस्त्याच्या हादऱ्यांचा मोठा वांटा तोच सोसतो, आणि चाकानें उडविलेला चिखलही त्याच्याच वांट्यास येतो.

छऱ्यांची चकाकी गेली असेल, त्यांवर डाग पडले असतील, तर ते सगळेच बदलावे. जुन्या छऱ्यांत चार नवे मिसळण्याची काटकसर महाग पडते. झिजलेल्या छऱ्यांहून नवा छर्रा केसभर मोठा असतो. सगळा भार त्या चौघांवरच पडतो, आणि त्यांच्याखालची पन्हळ फुटते. फिशरच्या यंत्रानें जें साधलें तें आपल्या हातानें मोडल्यासारखें होतें. जुन्या घडणीच्या पुष्कळ सायकलींच्या मानेंत ५/३२ इंच, म्हणजे सुमारें ४ मिलिमीटर व्यासाचे छर्रे असतात. तथापि दुकानांत जातांना जुना एक छर्रा नमुन्यास नेणें चांगलें. छर्रे पिंजऱ्यांत बसविलेले असतील तर पिंजऱ्याचें कोणतें तोंड वर होतें, हें काढतांनाच लिहून ठेवावें. उलटा बसविलेला पिंजरा चिरडून जातो.

ग्रीसच्या बाबतींत कंजूषपणा नको. घरांत हाताशीं असलेलें खोबरेल तेल या कामीं घालूं नये; तें कालांतरानें चिकट होऊन धूळ धरून बसतें. शिलाईयंत्राचें तेल पातळ असतें व लवकर ओघळून जातें. पाण्यानें न धुपणारें बेअरिंगचें जाड ग्रीस घ्यावें. सायकल उलटी असतांनाच खालच्या कपांत ग्रीसचा जाड थर द्यावा व त्यांत छर्रे एकेक करून बसवावे. ग्रीस त्यांना धरून ठेवतें. आंकडा हरवला असेल तर कड्यांत मावतील तितके छर्रे घालून, एका छऱ्याएवढी जागा मोकळी राहील असें पाहावें. ठासून भरलेले छर्रे एकमेकांस घांसतात. कोनालाही ग्रीस लावून चिमटा नळींत उतरवावा, तो दाबून धरून सायकल सुलटी करावी, आणि पाटावर टेकवावी. वरच्या कपांत त्याच रीतीनें छर्रे मांडून फिरता कप हातानें खालीं आणावा. तो पहिल्या आट्यांतच वांकडा बसत असेल तर जोर करूं नये. मागें फिरवून पुन्हां सरळ लावावा. मग वॉशर, चेकनट, आणि आधीं सांगितल्याप्रमाणें जुळवणी. हँडलच्या दांड्यासही ग्रीसचा हात फिरवावा. नाहींतर कांहीं वर्षांनीं तो नळींत गंजून बसतो. दांड्यावर कमींत कमी किती भाग आंत असावा याची खूण असल्यास ती नळीबाहेर दिसतां कामा नये. शेवटची परीक्षा चाक व हँडल बसवून, बोल्ट आवळून मगच घ्यावी.

खळगे पडलेलेच असतील तर शुद्ध इलाज एकच : कप व कोन बदलणें. ते ठोकून बसविलेले असतात, आणि वांकडे बसले तर नवी मानही जुनीसारखीच वागते; म्हणून हें काम सायकलच्या दुकानांत द्यावें. तोंवरच्या दिवसांसाठीं एक तोडगा आहे. छर्रे पिंजऱ्यांत असतील तर पिंजरा काढून त्या जागीं त्याच मापाचे सुटे छर्रे घालावे. सुटे छर्रे संख्येनें अधिक मावतात, त्यामुळें ते सगळे एकाच वेळीं जुन्या खळग्यांत उतरत नाहींत, व हँडलचें अडखळणें पुष्कळ कमी होतें. हा मात्र दिवस ढकलण्याचा उपाय. बरें होण्याचा नव्हे. तसेंच, हँडल एका बाजूस घट्ट व दुसऱ्या बाजूस सैल लागत असेल, किंवा सायकल कोठें आदळल्यानंतर हा विकार सुरू झाला असेल, तर चिमट्याची नळी वांकली असण्याचा संभव आहे. चिमट्यावर चीर दिसली तर सायकल त्या क्षणापासून चालवूं नये. घरगुती वैद्यकाची मर्यादा येथें संपते.

१९९० नंतरच्या दशकांत पुष्कळ नव्या सायकलींची मान निराळ्या घडणीची होऊं लागली. त्यांत चिमट्याच्या नळीस आटे नसतात. हँडलची बैठक त्या नळीस बाहेरून कवटाळते व बाजूच्या बोल्टांनीं आवळली जाते. अशा सायकलच्या माथ्यावरील बोल्ट पाहून पुष्कळांस वाटतें कीं हँडल घट्ट करण्याचा बोल्ट हाच. तो हँडल धरीत नाहीं. तो केवळ मानेची ढिलाई काढतो. म्हणून आधीं बाजूचे बोल्ट सैल करावे, मग माथ्याचा बोल्ट थोडा थोडा आवळून ढिलाई घालवावी, हँडल चाकाच्या रेषेंत आणावें, आणि शेवटीं बाजूचे बोल्ट पक्के करावे. बाजूचे बोल्ट न सोडतां माथ्याचा बोल्ट पिळल्यास जुळवणी होत नाहीं. आंतले आटे मात्र जातात. घडण बदलली, पण सूत्र बदललें नाहीं : ढिलाई नसावी, आणि अडथळाही नसावा.

पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. आज रस्ते निराळे झाले आहेत. मोटारींच्या व बसगाड्यांच्या गर्दींतून सायकल नेणाऱ्या मुलामुलींस हातभर जागा मिळते. तेवढ्या जागेंत गाडी सरळ राहणें ही केवळ कौशल्याची गोष्ट नाहीं. मागून भोंगा वाजला असतां बोटभर बाजूस सरावें व पुन्हां आपल्या रेषेंत यावें, हें मोकळ्या मानेची सायकल सहज करते. आंखडलेल्या मानेची सायकल तेथें वीतभर झोला खाते. त्या बोटभर आणि वीतभर यांच्यामधील अंतरासाठीं रविवारची एक सकाळ खर्ची घालणें अधिक नव्हे.

आणि त्यासाठीं मुहूर्तही शोधावा लागत नाहीं. पावसाळ्याचे चार महिने पुढच्या चाकानें उडविलेलें पाणी मानेच्या खालच्या सांध्यावर आपटत असतें. आश्विन लागतां लागतां तें थांबतें. खंडेनवमी येते ती नेमकी त्याच सुमारास. शस्त्रें आणि अवजारें घांसूनपुसून नीट करावीं, हाच त्या दिवसाचा मूळ हेतु. तेव्हां सायकलवर बादली ओतण्याऐवजीं तिला ओल्या फडक्यानें पुसावें. आदल्या रविवारीं तिची मान उघडून, धुऊन, ताज्या ग्रीसनें भरून जुळवावी. मग अंगणांत दांडी धरून पुढचें चाक वीतभर उचलावें आणि सायकल किंचित् कलती करावी. चाक आवाज न करतां आपण होऊन त्या बाजूस वळलें, कीं झेंडूचा हार घालण्यास हरकत नाहीं.